निसर्गात वाटणी नसते : धार व देवासचे उदाहरण

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात स्थिरावल्या, तेव्हा पवार घराण्याच्या शाखांनी ही दोन ठिकाणे आपली केली. त्यांत देवासचा प्रकार आगळाच होता. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा भावांत तेथे वाटणी झाली आणि एकाच गावात दोन संस्थाने नांदू लागली : थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन गाद्या, दोन दरबार, दोन कारभार. गावातील रस्त्यांपर्यंत ही वाटणी पोहोचली होती. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या आणि तो संसार संपला.

परंतु या साऱ्या काळात एक गोष्ट वाटली गेली नव्हती. थोरल्या पातीच्या आडात आणि धाकट्या पातीच्या आडात येणारे पाणी एकाच खडकातून येत होते. वरचा पाऊस एकच होता, भोवतालची काळी माती एकच होती. माणसांनी जमिनीवर रेघा ओढल्या, जमिनीखाली त्या उतरल्या नाहीत.

हे आठवण्याचे कारण असे की, पुढे याच देवासवर मोठा प्रसंग आला. १९९० सालच्या एप्रिल महिन्यात इंदूरहून पाण्याने भरलेल्या टाक्या घेऊन आगगाडी देवासला आली. गावाला प्यायला पाणी उरले नव्हते. ज्या माळव्याची ख्याती पावलापावलावर पाणी देणारी भूमी अशी, त्याच्या ऐन मध्यावरील शहराने रुळांवरून आलेले पाणी प्यावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. पाऊस वर्षावर्षाला कमीअधिक होत आला होता, पण तो काही आटला नव्हता. मग पाणी गेले कोठे?

या एका प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की, पृथ्वीचा सारा कारभार समोर येतो. शाळेत आपण शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण अशी चार नावे पाठ केली. परीक्षेत त्यांच्या चार व्याख्या लिहिल्या आणि चारांचे चार वेगळे खण मनात केले. प्रत्यक्षात हे चार भाऊ एकत्र कुटुंबात राहतात. एकाच्या खोलीत काही हलले तर दुसऱ्याच्या खोलीत भांडी वाजतात. धार व देवास ही हे कुटुंब पाहण्याची उत्तम जागा आहे.

खडकाची खोली

धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, नर्मदेच्या खोऱ्यात, बाघ नावाचे गाव आहे. तेथील भित्तिचित्रांची लेणी सर्वांना ठाऊक आहेत. पण भूशास्त्रज्ञांना बाघ आठवते ते तेथील चुनखडीसाठी. या चुनखडीत समुद्री शिंपले आणि समुद्री अर्चिनांचे जीवाश्म सापडतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यातून येथवर आत आला होता, त्याचा हा पुरावा. पुढे समुद्र मागे हटला. त्या भूमीवर प्रचंड देहाचे शाकाहारी डायनोसॉर अंडी घालू लागले. बाघ-कुक्षी परिसरात त्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले.

त्यानंतर भूमी फाटली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लांबलचक भेगांतून तप्त लाव्हा बाहेर पडला, थंड झाला, पुन्हा बाहेर पडला. असे थरावर थर साचत गेले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, माळवा आणि उत्तर कर्नाटकाचा काही भाग झाकणारे हे दख्खनचे पठार. झीज होऊन आज जे उरले आहे तेही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक अशनी आदळला होता. डायनोसॉरांच्या नाशात अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंचा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण खडकाने हवेत टाकलेल्या श्वासाचा परिणाम साऱ्या जीवसृष्टीवर होतो, याविषयी वाद नाही. १९९१ साली फिलिपीन्समधील पिनातुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याच्या धुराळ्याने पृथ्वीचे सरासरी तापमान वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. एका डोंगराची ही करामत, तर लक्षावधी वर्षे वाहणाऱ्या लाव्ह्याची काय असेल!

माळव्यातील विहीर खणणाऱ्याला मात्र या इतिहासाचा अर्थ वेगळ्या भाषेत कळतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, आणि त्याखाली छिन्नीला दाद न देणारा काळा फत्तर. प्रत्येक लाव्ह्याच्या थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, तर पोट घट्ट. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि फत्तराच्या भेगांत. वाळूच्या मैदानात जमिनीखाली पाण्याची कोठारे असतात. येथे कोठार नाही. आहेत त्या लहान लहान फडताळाच्या फळ्या. ही मर्यादा लाव्हा थंड होताना ठरून गेली, आणि देवासचे १९९० सालचे संकट समजायला तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

मातीची खोली

खडकाची माती आपोआप होत नाही. ती हवा आणि पाणी मिळून करतात. पावसाचा थेंब खाली येताना हवेतील कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळवून आणतो आणि सौम्य आम्ल बनतो. हे आम्ल खडकाला हळूहळू कुरतडते. एकच खडक, पण हवामान वेगळे असेल तर माती वेगळी. सह्याद्रीच्या माथ्यालगत आणि बेळगावच्या आसपास धो धो पावसाने याच काळ्या खडकातील विद्राव्य द्रव्ये धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले व तांबडा जांभा तयार झाला. थोडे पूर्वेस बैलहोंगलकडे गेले की पाऊस उतरतो आणि जमीन काळी होते. धार-देवासची माती ही या दुसऱ्या जातीची. वाचकांपैकी ज्यांनी बेळगावहून पूर्वेकडे प्रवास केला आहे, त्यांनी खडकावर हवामानाचे हस्ताक्षर आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

या काळ्या मातीचा स्वभाव विलक्षण आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि दार बंद होते. पुढचा पाऊस वरून वाहून जातो. म्हणजे खालच्या खडकाला पाणी मिळण्याची संधी थोडी आणि थोड्या काळाची. मात्र जे पाणी मातीने एकदा धरले ते ती सहजी सोडत नाही. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या उपयोगी पडणारे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी साठू शकते. माळव्याचा जुना शेतकरी हे जाणून होता. खरिपात जमीन पड ठेवायची, पावसाची ओल मातीत जिरवायची आणि रब्बीत त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, ही त्याची रीत होती. माती हेच त्याचे तळे होते.

मातीच्या या कहाणीला आणखी एक पदर आहे. खडक कुरतडताना हवेतील कार्बन डायऑक्साइड खर्च होतो. खडकातला चुना व तो कार्बन नदीच्या पाण्यातून समुद्रात जातात, तेथे शिंपले आणि पोवळी त्यांची कवचे करतात, आणि त्या कवचांची पुढे चुनखडी होते. धार जिल्ह्यात हे सारे चक्र एका दिवसाच्या प्रवासात दिसते : माथ्यावर झिजणारा काळा खडक, पायथ्याशी त्याचा अंश समुद्राकडे नेणारी नर्मदा, आणि बाघला प्राचीन समुद्राने केलेली चुनखडी. हवा उष्ण व दमट झाली की झीज वाढते, कार्बन अधिक शोषला जातो आणि पृथ्वी निवते. हवा थंड झाली की झीज मंदावते. ही स्वतःला आवरणारी साखळी आहे. अशा साखळ्यांमुळेच पृथ्वी कोट्यवधी वर्षे राहण्याजोगी राहिली. काळा खडक लवकर झिजणारा असल्याने या कामात त्याचा वाटा त्याच्या विस्ताराच्या मानाने फार मोठा आहे. परंतु ही साखळी लक्षावधी वर्षांच्या गतीने चालते. आपल्या धुराड्यांचा धूर शे-दोनशे वर्षांत निस्तरणे तिच्या शक्तीबाहेरचे आहे.

हवेची खोली

१९४८ साली, म्हणजे ज्या वर्षी दोन्ही पात्या संपल्या त्याच वर्षी, बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला एक तरुण गायक क्षयाने आजारी होऊन देवासला राहायला आला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे त्याचे नाव, आणि जग त्याला ओळखते ते कुमार गंधर्व म्हणून. मातृभाषा कानडी, शिक्षण मुंबईत, कर्मभूमी माळवा. त्यांना देवास सुचवले गेले ते तेथील कोरड्या हवेसाठी. पुढे याच भूमीतील लोकगीतांनी आणि ऋतूंनी त्यांचे गाणे घडवले.

ही हवा कोरडी का? माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे-सहाशे मीटर उंच आणि किनाऱ्यापासून दूर. पावसाळा सोडला तर हवेत बाष्प थोडे. बाष्प हे पृथ्वीचे पांघरूण आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते, ती बाष्प अडवते. पांघरूण विरळ असले की उष्णता निसटते आणि रात्र निवते. ‘शब-ए-मालवा’ म्हणजे माळव्याची रात्र जी नावाजली गेली, तिच्यामागे हे साधे भौतिकशास्त्र आहे.

पण जून उजाडला की हीच हवा पालटते. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची बाष्पयुक्त हवा आत येते. धार-देवासला वर्षाकाठी साधारण आठशे ते हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातील सुमारे नव्वद टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो अरबी समुद्राकडूनही येतो आणि बंगालच्या उपसागराकडूनही. गंमत अशी की, परतही दोन्हीकडे जातो. देवास जिल्ह्यातील क्षिप्रा आणि बागलीकडे उगम पावणारी कालीसिंध चंबळेला मिळतात आणि यमुना-गंगेच्या वाटेने त्यांचे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. विंध्याच्या दक्षिण उताराचे पाणी नर्मदेतून अरबी समुद्रात जाते. धार जिल्ह्यातच उगम पावणारी मही आधी उत्तरेकडे धावते आणि मग वळून खंबायतच्या आखाताला मिळते. दोन समुद्रांनी दिलेले कर्ज ही भूमी दोन्ही समुद्रांना फेडते.

हे कर्ज किती मोठे आहे याचा हिशेब करून पाहावा. एक हजार लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ६८० युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. एक हेक्टर शेतावर ९०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ९० लाख लिटर पाणी पडले. सूर्याने एका हेक्टरापाठी केवढी ऊर्जा खर्ची घातली याचा गुणाकार विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. इतक्या मोलाची वस्तू आपण गटारातून वाहू देतो.

शिवाय ही देणगी स्थानिक नाही. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले की त्याला एल निनो म्हणतात. अशा वर्षी आपला मोसमी पाऊस दगा देण्याची शक्यता वाढते. २००२ आणि २००९ ही अशीच वर्षे. त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा अनुक्रमे सुमारे १९ आणि २२ टक्के कमी पडला. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळ्याच्या जाळ्यात मासे कमी आले, की देवासच्या शेतकऱ्याने काळजीत पडावे, असे हे नाते आहे.

जीवांची खोली

मांडूला जाणाऱ्याचे लक्ष जहाजमहालाच्या आधी रस्त्याकडेचे झाड वेधून घेते. अवाढव्य खोड आणि वर तोकड्या फांद्या. त्याच्या फळांना लोक मांडूची चिंच म्हणतात. हा आफ्रिकेतला बाओबाब, कोणत्या तरी काळी माणसांबरोबर येथे आला आणि रुजला. याचे कारण आफ्रिकेतील त्याच्या घरासारखेच येथेही थोडे महिने पाऊस आणि पुष्कळ महिने कोरड. तो पावसाळ्यात खोडात पाणी भरून घेतो आणि वर्षाचा बराच काळ पाने टाकून उभा राहतो. मिळाले तेव्हा साठवावे आणि नसेल तेव्हा खर्च आवरावा, हे त्याचे शास्त्र.

झाडे हवामानाला नुसती शरण जात नाहीत, ती ते घडवतातही. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेस विंध्याच्या रांगांत सागाची राने आहेत. तेथेच खिवनीचे अभयारण्य आहे. अशा रानात पावसाचा मारा पाने झेलतात, पालापाचोळा पाण्याला थोपवतो, मुळे मातीत वाटा करतात आणि पाणी खडकात उतरते. तेच पाणी दिवाळीनंतर ओढ्यांत झिरपत राहते. पानांतून उडालेली वाफ हवेत ओल परत टाकते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याच वाफेचा काही अंश पुन्हा पाऊस होऊन येतो. रान गेले की हीच पायरी उलटी पडते. पाणी धावते, माती वाहते, उघडा पडलेला मुरूम आणखी तापतो आणि नवे रोप जगणे अवघड होते. ही स्वतःला वाढवणारी साखळी. निसर्गात या दोन्ही जाती आहेत, आणि सुरुवातीला धक्का देताना आपण कोणत्या साखळीला हात लावतो आहोत हे ओळखणे, यातच सारे शहाणपण आहे.

माणसाचा हिशेब

आता पाहू माणसाने काय केले. धार ही परमारांची राजधानी. नगराभोवती त्यांच्या काळापासून तलाव आहेत, आणि धारच्या ‘साडेबारा तलावां’ची म्हण अजून ऐकू येते. त्यांपैकी एकाला वाक्पती मुंजाचे नाव आहे. मांडूच्या कड्यावर नदी नाही, म्हणून तेथील कारागिरांनी छपरावरचे पाणी पन्हळीतून हौदांत नेले आणि मुंज व कपूर तलावांच्या मध्ये महाल उभा केला. फत्तरात पाणी राहत नाही हे पूर्वजांना पुस्तकातून कळलेले नव्हते, पण त्यांचे बांधकाम ते जाणून होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वीज आली, पंप आले आणि जमिनीत भोक पाडणारी यंत्रे आली. त्याच सुमारास माळव्यात सोयाबीन पसरले. खरिपात पड राहणारी जमीन पिकाखाली आली, पैसा आला, शेतकऱ्याचे घर सुधारले. हे यश खोटे नव्हते. पण मातीत जिरून रब्बीसाठी राहणारी ओल आता सोयाबीन पिऊ लागले. मग गव्हाला पाणी द्यायचे कोठून? खडकातून.

येथे एक छोटे गणित महत्त्वाचे आहे. झिजलेल्या काळ्या खडकात उपसण्याजोगे पाणी आकारमानाच्या एक ते तीन टक्केच असते. आपण दोन धरू. याचा अर्थ, पावसाळ्यात शंभर मिलिमीटर पाणी मुरले तर विहिरीची पातळी पाच मीटर चढते. शेतकरी खूश. परंतु गव्हाला एका वेळी साठ मिलिमीटर पाणी दिले की पातळी तीन मीटर उतरते. दुसऱ्या पाळीला आणखी तीन. चार पाळ्या झाल्या तर बारा मीटर, आणि जमा होते ती पाच मीटर. उरलेली सात मीटर येतात कोठून? मागल्या वर्षांच्या शिलकेतून. शिल्लक संपली की भोक आणखी खोल न्यायचे. शेजाऱ्याचे दोनशे फूट गेले की आपले तीनशे. खोल भेगांत पाणी थोडे, आणि ते भरायला लागणारा काळ मोठा. प्रत्येकाने आपले भोक खोल केले, म्हणजे सर्वांचे पाणी आणखी खाली गेले. ही पुन्हा स्वतःला वाढवणारी साखळी, आणि या खेपेस ती आपण जोडलेली. शहर वाढत होते, कारखाने येत होते, जुने तलाव गाळाने भरत होते. १९९० ची आगगाडी एका दुष्काळी उन्हाळ्याची घटना म्हणून पाहू नये. ती पंधरा-वीस वर्षांच्या बेहिशेबी खात्याची वसुली होती.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

२००६ च्या सुमारास देवास जिल्ह्यात वेगळा विचार सुरू झाला. उमाकांत उमराव हे तेव्हा जिल्हाधिकारी होते. त्यांनी शेतकऱ्यांना सांगितले की, आपल्या जमिनीचा सुमारे दहावा भाग तळ्याला द्या. पहिल्याने मोठे शेतकरी पुढे आले, कारण बोअरवर सर्वांत अधिक खर्च त्यांचाच होत होता. टोंकखुर्द भागात तळी दिसू लागली आणि पुढे जिल्ह्यात ती हजारोंनी झाली. या तळ्यांना रेवासागर आणि खणणाऱ्यांना भगीरथ शेतकरी असे नाव पडले.

हे चालले कसे, हे शास्त्राने पाहावे. काळ्या मातीचा जो दोष, फुगून दार बंद करण्याचा, तोच येथे गुण ठरला. तळ्याचा तळ मातीनेच लिंपला गेला. प्लॅस्टिक अंथरावे लागले नाही. एक हेक्टर शेतात दहावा भाग तीन मीटर खोल खणला तर तीस लाख लिटर पाणी मावते. गळती व वाफ वजा जाता उरलेल्या शेताला गव्हाच्या तीन-चार पाळ्या मिळतात. आणि शेतकरी ते पाणी हिवाळ्यातच वापरून टाकतो, उन्हाळ्याची वाफ व्हायला ते फारसे उरत नाही. खडकावरचा भार तेवढा हलका होतो. मातीचा गुण, पावसाची वेळ आणि पिकाची गरज यांची सांगड घातली म्हणून हे जमले.

मात्र तळे म्हणजे जादू नव्हे. महाराष्ट्रात काही ठिकाणी प्लॅस्टिकची शेततळी विहीर-बोअरच्या पाण्याने भरली जातात. ते पावसाचे तळे नव्हे, ते सावलीतले भूजल उन्हात आणून ठेवणे होय. शिवाय वरच्या शेतात अडवलेले पाणी खालच्या नदीला तेवढे कमी मिळते. क्षिप्रेचेच पाहा. २०१४ पासून तिच्या उगमाजवळ नर्मदेचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून सोडले जाते. शास्त्राच्या नियमाप्रमाणे हजार लिटर पाणी एवढे उचलायला पंप कितीही उत्तम असला तरी जवळजवळ एक युनिट वीज लागणारच. नर्मदेच्या खोऱ्याचे पाणी गंगेच्या खोऱ्यात गेले, हे पुन्हा एका भावाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात वाढणे झाले. गरज असेल तेव्हा तेही करावे लागते. पण ताटाखालची जमीन एकच आहे हे विसरून चालत नाही.

आपल्या महाविद्यालयात भूगोल एका इमारतीत, वनस्पतिशास्त्र दुसरीत, भौतिकशास्त्र तिसरीत आणि अर्थशास्त्र चौथीत शिकवले जाते. अभ्यासाच्या सोयीसाठी या पात्या आवश्यक आहेत. पण देवासच्या कोरड्या विहिरीचे उत्तर यांपैकी कोणा एका विभागाकडे नव्हते. ते थोडे लाव्ह्यात होते, थोडे चिकणमातीत, थोडे प्रशांत महासागरात, आणि पुष्कळसे सोयाबीनच्या भावात व विजेच्या पंपात.

म्हणून विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. त्यासाठी माळव्यात जाण्याची गरज नाही. महाविद्यालयाच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवावा. आवारातील किंवा जवळच्या गावातील एका विहिरीची पातळी दर पंधरवड्याला दोरीने मोजावी. दोन्ही आकडे एका वहीत समोरासमोर लिहावेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पाऊस लिहावा, कला शाखेच्या विद्यार्थ्याने गावात कोणते पीक होते आणि पंप किती चालले ते लिहावे. मराठीत लिहा, कानडीत लिहा, आकडे तेच येतील. तीन वर्षांनी ती वही उघडून पाहिली, तर पावसाच्या रकान्यावरून विहिरीचा रकाना समजतो की नाही, आणि कोठे समजत नाही, हे दिसेल. जेथे समजणार नाही, तेथे आपला हात सापडेल.